चौदा विहिरी, एकवीस वर्षं : वहीतल्या रिकाम्या घरांसह आकडेमोड (प्रकल्प नोंदी)

५ जानेवारी २०२५

आबाकाकांच्या वह्या आज इंदूरच्या राजेंद्रनगरहून घरी आणल्या. हातोदकडच्या शिवारातल्या आमच्या आणि शेजाऱ्यांच्या मिळून चौदा विहिरी त्यांनी जून १९९८ ते मे २०१९ दर महिन्याला मोजल्या आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी, मोटर लावायच्या आधी. पोलादी पट्टीच्या खालच्या टोकाला खडू फासायचा, पट्टी पाण्यात सोडून कठड्याशी आकडा धरायचा, वर ओढल्यावर खडू जितका ओला झाला तितकं वजा करायचं. इतकी वर्षं एकाच पद्धतीने, एकाच माणसाने केलेलं मोजमाप सहजी मिळत नाही. केंद्रीय भूजल मंडळ आपल्या निरीक्षण विहिरी साधारण वर्षातून चारदा मोजतं. इथे महिन्याचा हिशेब आहे, त्यामुळे विहीर भरते कशी आणि उतरते कशी, दोन्ही दिसतं.

प्रश्न असा आहे : शिवारातल्या मंडळींना पैसे घालायचे आहेत, ते कशात घालावेत? बोरिंग आणखी खोल न्यावं, पुनर्भरणाचे खड्डे करावेत, की शेततळी? त्याआधी उन्हाळ्यातलं पाणी खरोखर खाली चाललं आहे का, आणि चाललं असेल तर कशामुळे, हे वह्यांतून काढायचं. ज्यांच्या घरी अशा वह्या असतील (विहिरी, पाऊस, दुभत्या जनावरांचं दूध, रक्तदाब, काहीही) त्यांच्यासाठी या नोंदी ठेवते आहे. हिशेब एकवीस जलवर्षांचा (जून ते मे), म्हणजे विहिरीमागे २५२ महिने. वह्यांत एकूण साडेतीन हजारांवर घरं (नोंदीच्या जागा), आणि त्यांतल्या हजाराच्या आसपास घरांत आकडा नाही.

१२ जानेवारी

टाइपिंग सुरू. चुलत बहिणीने अर्धं काम अंगावर घेतलं, तिला सहा हजार ठरवले. दोघींनी काही वह्या मुद्दाम दोनदा टाइप केल्या आणि जुळवून पाहिल्या. सर्वाधिक फरक निघाला तो १ आणि ९ मध्ये. आबाकाकांचा १ वरून गोल वळतो, शाई फुटली की तो सरळ ९ होतो. ११ फूट आणि १९ फूट यांत अडीच मीटरचा फरक पडतो. उपाय असा : प्रत्येक आकड्याच्या मागचा आणि पुढचा महिना शेजारी लावला आणि ज्यांची उडी पाच फुटांपेक्षा मोठी आहे तेवढेच परत वहीत जाऊन पाहिले. ऑगस्टमधल्या उड्या बहुतेक खऱ्या असतात, जानेवारीतल्या बहुतेक शाईच्या.

दुसरा घोटाळा एक्सेलचा. वहीत माप फूट-इंचात आहे : २८-६, ३१-४. एक्सेलने २८-६ चं २८ जून करून टाकलं. ३१-६ मात्र तसंच राहिलं, कारण जूनला एकतिसावा दिवस नाही. अर्धा स्तंभ तारखा आणि अर्धा मजकूर अशी खिचडी दोन संध्याकाळी निस्तरत बसले. आता फूट एका स्तंभात, इंच दुसऱ्यात, आणि मीटरमध्ये रूपांतर (फुटाला ०.३०४८) ‘आर’ या आकडेमोडीच्या सॉफ्टवेअरमध्ये. तुम्ही सुरुवातच अशी करा.

१९ जानेवारी

आज कामाचा सगळा कल बदलला. रिकाम्या घरांच्या खुणा घेऊन आबाकाकांसमोर बसले. मी आतापर्यंत सगळ्या एकाच खुणेने, आरमधल्या ‘एनए’ने (म्हणजे ‘आकडा नाही’) भरत होते. त्यांनी चष्मा पुसला आणि पहिल्याच पानावर बोट ठेवलं.

“अगं, ही आडवी रेघ वेगळी आणि हा ‘को.’ वेगळा. ‘को.’ म्हणजे मी तिथे गेलो होतो, खाली वाकून बघितलं होतं, कोरडी होती.”

“आणि नुसतं रिकामं?”

“तेव्हा गेलोच नाही.”

“का नाही गेलात, हे कळेल का आता?”

“पावसाळ्यातलं असेल तर रस्त्याने. काळ्या मातीत सायकल रुतते. बाकी मग लग्नकार्य, डोळ्याचं ऑपरेशन. दोन हजार सहाला मी नाशिकला होतो, तेव्हाचे तीन महिने आहेत बघ.”

त्यांच्या सांगण्यावरून पुन्हा प्रत्येक घराला कारणाचा शिक्का लावतेय. कारणं निघाली ती अशी : मोजणारा गावाला नव्हता किंवा आजारी होता, पावसाने वाट बंद, विहीर कोरडी, मोटर आधीच चालू होती, त्यामुळे आकडा आहे पण त्यावर गोल केलेला आहे, आणि विहीरच सोडून दिली किंवा बुजवली. ‘को.’ असलेली घरं साडेतीनशेच्या आसपास आहेत, आणि ती एप्रिल ते जूनमध्ये एकवटलेली. म्हणजे ज्या महिन्यांचा प्रश्न आहे, नेमकी त्यांचीच घरं आकड्याविना.

हे आबाकाकांना विचारता आलं म्हणून कळलं. ज्यांच्या घरी वही आहे आणि वही लिहिणारं माणूसही आहे, त्यांनी सॉफ्टवेअर उघडण्याआधी त्या माणसाजवळ जाऊन बसावं. ही गोष्ट पुढे ढकलण्यासारखी नाही.

२६ जानेवारी

सुट्टी असल्याने पूर्ण दिवस मिळाला. मॉडेल-बिडेल काही नाही, नुसती दर वर्षीच्या मे महिन्याची सरासरी काढून आलेख काढला. आकडा असलेली घरं घ्यायची, बाकी सोडायची. आलेख सांगतो की २००५ नंतर मे महिन्यातलं पाणी हळूहळू *वर* येत गेलं आहे.

शिवारातल्या कुणालाही हे दाखवलं तर तो वही मिटून ठेवेल. ‘डग डग रोटी, पग पग नीर’ ही म्हण माळव्यात आता कोणी पाण्याबद्दल बोलताना वर्तमानकाळात वापरत नाही. पण आलेख चुकतो कुठे ते नीट समजून घेण्यासारखं आहे. १९९९च्या मे महिन्यात चौदापैकी बारा विहिरींना आकडा आहे. २०१६ साली सहालाच. राहिलेल्या सहा कुठल्या? नाल्याकाठच्या, ज्यांना पाणी मुळात वर लागतं. उथळ तळाच्या, माळावरच्या विहिरी कोरड्या पडून हिशेबातून गळत गेल्या, आणि सरासरी फक्त पाणी टिकलेल्यांची झाली. पाणी जितकं खाली जाईल तितका हा आलेख सुधारणार. ‘आकडा नाही तर ओळ काढून टाका’ हा सगळ्यात सोपा मार्ग इथे उत्तराची दिशाच उलटी करतो.

२ फेब्रुवारी

भरून काढण्याचे नेहमीचे उपाय करून पाहिले. थोडक्यात लिहिते, कारण एकही टिकला नाही.

त्या विहिरीची मे महिन्याची सरासरी टाकली : माळावरच्या एका विहिरीला ९.२ मीटर आलं. तिचा तळ ११ मीटरवर आहे आणि त्या दिवशी ती कोरडी होती. म्हणजे ज्या खोलीवर आबाकाकांनी डोळ्यांनी कोरडा दगड बघितला, त्याच्या पावणेदोन मीटर वर आम्ही कागदावर पाणी भरलं.

मागच्या महिन्याचा आकडा पुढे ओढला : एप्रिलचा आकडा मे महिन्याला. उतरत्या पाण्यात याने दरवेळी पाणी वरच दिसणार.

कोरडी असेल तर तळाची खोली टाकली : यातला त्यातल्या त्यात बरा. पण विहीर मार्चअखेरीस कोरडी पडली काय किंवा जूनच्या पहिल्या आठवड्यात पडली काय, दोन्हीला आकडा तोच, ११. जितकी वाईट वर्षं, तितका आलेख तळाशी सपाट होतो.

ऑफिसमधल्या एका सहकाऱ्याने आरमधलं ‘माइस’ सुचवलं. बहुविध भरणी, म्हणजे प्रत्येक रिकामं घर अनेकदा वेगवेगळ्या आकड्यांनी भरायचं आणि सगळी उत्तरं एकत्र करायची. पद्धत चांगली आहे, पण इथे दोन अडचणी. एक, नेहमीच्या सेटिंगवर तिला कुठली ओळ कुठल्या विहिरीची हे कळत नाही, ते वेगळं सांगावं लागतं. दुसरी जास्त महत्त्वाची : आकड्यांच्या स्तंभांसाठी तिची ठरलेली रीत मोजलेल्या आकड्यांतलाच एखादा जवळचा उचलून घरात बसवते. कोरड्या विहिरीचं खरं पाणी तर त्या विहिरीत कधीच न मोजलेल्या खोलीवर आहे. ते उसनं आणायचं कुठून?

९ फेब्रुवारी

आता मिश्र मॉडेल. लेअर्ड आणि वेअर यांनी १९८२ साली एकाच माणसाच्या पुन्हा पुन्हा घेतलेल्या मोजमापांसाठी मांडलेली चौकटच विहिरींना लावायची. सगळ्या विहिरींचा एक सामायिक कल, आणि प्रत्येक विहिरीला स्वतःची पातळी व स्वतःचा उतार. आरमधलं ‘एलएमई-४’ वापरलं.

पहिल्या धावेलाच इशारा आला, मॉडेल जुळत नाही म्हणून. कारण क्षुल्लक : वर्ष १९९८, १९९९ असं दिलं होतं. २००८ मध्यावर धरून दहाने भागलं (म्हणजे उतार ‘दर दहा वर्षांना इतके मीटर’ असा आला) आणि इशारा गेला.

यात एक मोठी सोय आहे. रुबिन यांनी १९७६ साली रिकाम्या घरांचे जे प्रकार मांडले, त्यांतल्या दोघांचा बंदोबस्त इथे आपोआप होतो. आबाकाका नाशिकला गेले याचा पाण्याशी संबंध नाही; ती घरं रिकामी राहिली तरी उत्तर बिघडत नाही, फक्त खात्री थोडी कमी होते. पावसाने वाट बंद झाली याचा पाण्याशी संबंध आहे, पण पाऊस किती पडला हे आपल्याजवळ आहे. तो मॉडेलमध्ये घातला की झालं. हवामान खात्याचा दैनिक पावसाचा चौकटीवार डेटा (पाव अंशाच्या चौकटी, १९०१ पासून) फुकट मिळतो. त्यातून आमच्या चौकटीचा पाऊस काढून मागच्या पावसाळ्याची बेरीज लावली.

तिसरा प्रकार राहतो, ‘को.’चा. तिथे घर रिकामं राहण्याचं कारण तो आकडाच आहे. एलएमई-४ अशा ओळी मुकाट्याने गाळतं, एका शब्दानेही कळवत नाही. निकालात किती ओळी वापरल्या तो आकडा छापून येतो, तो दरवेळी आपल्या एकूण ओळींशी ताडून पाहा.

१६ फेब्रुवारी

छोटी नोंद. ऋतूचा चढउतार साइन-कोसाइनने बसवला होता, बसला नाही. माळव्यात विहीर जुलै-ऑगस्टमध्ये झपाट्याने भरते आणि मग सहा-आठ महिने हळूहळू उतरते. गहू-बटाट्याला पाणी द्यायच्या पाळ्या सुरू झाल्या की उतार वाढतो. ही लाट दोन्ही बाजूंना सारखी नाही. महिन्यावर चक्राकार स्प्लाइन (वर्षाचं शेवटचं टोक सुरुवातीला जुळवणारी लवचीक वक्ररेषा) लावला. त्यात टोकाच्या गाठी (रेषेचे जोडबिंदू) ०.५ आणि १२.५ वर ठेवायला विसरू नका, नाहीतर ते जानेवारी आणि डिसेंबरला एकच बिंदू समजतं.

पिकाचा स्तंभही होता : त्या रब्बीत कुठल्या विहिरीवर काय पेरलं. मोहाचा होता, पण काढून टाकला. आबाकाकांनी पीक लिहिलं ते फक्त पाण्याची ओढ पडली त्या वर्षी. भरपूर पाण्याच्या वर्षी ती नोंद करावीशी त्यांना वाटली नाही, आणि ते साहजिक आहे.

२ मार्च

मुख्य काम हे. कोरड्या विहिरीबद्दल आपल्याला काहीच माहीत नाही, असं नाही. पाणी तळापेक्षा खाली आहे, हे पक्कं माहीत आहे. टोबिन यांनी १९५८ साली अर्थशास्त्रातल्या अशाच अर्धवट माहितीसाठी जे केलं, तेच इथे करायचं : त्या घरात अमुक आकडा न टाकता ‘११ मीटरपेक्षा जास्त’ एवढंच मॉडेलला सांगायचं. आरमधल्या ‘बीआरएमएस’मध्ये (मागे आकडेमोड करायला स्टॅन हे दुसरं सॉफ्टवेअर चालतं) यासाठी वेगळा स्तंभ करता येतो. साधी नोंद असेल तर ‘नाही’, कोरडी असेल तर ‘उजवी’.

इथेच मोटर चालू असतानाच्या, गोल केलेल्या आकड्यांचाही प्रश्न सुटला. मोटर चालू असताना मोजलं की पाणी खऱ्या पातळीपेक्षा खाली दिसतं. म्हणजे खरं पाणी या आकड्यावर किंवा त्याच्या वर. अशा नोंदी ‘डावी’. आधी मी त्या काढून टाकणार होते, आता त्यांचाही अर्धा उपयोग झाला.

वेळ मात्र खूप गेला. माझ्या लॅपटॉपवर एक धाव रात्रभर चालते. पहिल्या धावेत स्टॅनने भरकटलेल्या पावलांचे इशारे दिले. ‘अॅडॅप्ट डेल्टा’ (पावलं लहान करणारं सेटिंग) ०.९९ केलं, धाव आणखी लांबली, इशारे कमी झाले पण गेले नाहीत. खरं दुखणं निराळं होतं : चौदाच विहिरी आणि प्रत्येकीला स्वतःचा उतार, तिथे उतारांचा फरक किती असू शकतो याची मोकळी सूट देऊन चालत नाही. शेजारशेजारच्या विहिरींत दहा वर्षांत दहा मीटरचा फरक पडणार नाही, हे आम्हाला माहीत आहे. तेवढं पूर्वअनुमान म्हणून घातलं आणि इशारे थांबले. आता आधी पाच विहिरींवर, कमी धावांत सगळं तपासते, आणि पूर्ण धाव रात्री लावून झोपते.

लागोपाठच्या महिन्यांचे आकडे एकमेकांना बांधलेले असतात, ते सोडून दिलं तर खात्री खोटी वाढते. कोरड्या घरांसह ‘मागच्या महिन्याची चूक पुढे’ हा प्रकार नीट चालत नाही, कारण मागचा महिना कोरडा असेल तर चूक मोजायची कशावरून? त्याऐवजी प्रत्येक विहिरीला प्रत्येक जलवर्षाचा (जून ते मे) स्वतःचा चढा-उतरा भाग दिला. पूर्ण उपाय नाही, पण उरलेल्या चुकांचा एकमेकांशी संबंध बराच उतरला.

९ मार्च

‘११ मीटरपेक्षा जास्त’ यातले ११ खरे कशावरून? दुपारी शिवारात जाऊन आले, कारण दोन विहिरींत वहीतल्या तळापेक्षा खोल आकडे सापडले होते. तळाच्या खाली पाणी मोजलं जाऊ शकत नाही.

पहिली विहीर २००३च्या उन्हाळ्यात खोल केली होती. २००२चा पाऊस देशभरच दगा देऊन गेला होता, त्यानंतर शिवारात बऱ्याच जणांनी सुरुंग लावले. वहीच्या समासात ‘गाळ व ५ फूट काम’ असं लिहिलेलं होतं, ते आमच्या टाइपिंगमधून सुटलं होतं. म्हणजे त्या विहिरीची ‘कोरडी’ २००३च्या आधी एक सांगते आणि नंतर दुसरं.

दुसरीचा कठडा. जुना दगडी कठडा ढासळला म्हणून विटांचा नवा बांधला, जवळजवळ दोन फूट उंच. आबाकाकांनी सवयीने कठड्यावरूनच मोजलं. त्या महिन्यापासून पाणी दोन फुटांनी ‘उतरलं’, आणि मॉडेलने ते प्रामाणिकपणे कलात जमा केलं. शेतमालकाला मी जुनं घडीव दगडाचं काम विचारलं तर तो मला विहिरीच्या आत, नव्या विटांच्या खाली, जुना चुना दिसतो ती रेघ दाखवायला घेऊन गेला. तिथपासून पट्टी लावून फरक मोजला. आता सगळ्या विहिरींची सगळी मापं जमिनीपासून, कठड्याची उंची वजा करून. तळाची खोलीही प्रत्येक कालखंडाची वेगळी, वेगळ्या तक्त्यात. नवी पन्नास मीटरची पट्टी घेतली ती याच कामासाठी. जुन्या पट्टीचं पहिलं फूट गंजून गेलं आहे.

या एका दुपारने निकालात जेवढा फरक पाडला तेवढा मॉडेलमधल्या कुठल्याही बदलाने पाडला नाही.

२३ मार्च

रंगपंचमीच्या आठवड्यात राजवाड्याकडे फिरकायचीही सोय नव्हती, त्यामुळे घरी बसून तपासणी झाली.

कोरड्या विहिरीचं खरं पाणी आपल्याला कधीच कळणार नाही, मग मॉडेल बरोबर सांगतंय हे कसं ठरवायचं? ज्या विहिरी १६-१७ मीटर खोल आहेत आणि उन्हाळ्यातही ज्यांना आकडा आहे, त्या घेतल्या. त्यांचा तळ ११ मीटरवरच आहे असं मुद्दाम मानलं, त्याखालचे सगळे आकडे झाकले, तिथे ‘कोरडी’ लिहिलं, आणि सगळ्या पद्धती परत चालवल्या. मग झाकलेले आकडे उघडून ताडून पाहिले.

ओळी गाळणारं एलएमई-४ या विहिरींचा उतार जवळपास शून्य सांगत होतं. तळाचा आकडा टाकणारी पद्धत खऱ्या उताराच्या निम्म्यापर्यंत पोचली. ‘उजवी’ नोंद मानणारं मॉडेल उताराच्या अगदी जवळ आलं, आणि त्याने दिलेल्या नव्वद टक्क्यांच्या पट्ट्यात खरा आकडा दहापैकी आठ-नऊ वेळा सापडला. उरलेल्या वेळा बहुतेक एकाच जागच्या : २००१ आणि २००३चे उन्हाळे, म्हणजे २००० आणि २००२च्या अपुऱ्या पावसानंतरचे. तिथे मॉडेलने पाणी खऱ्यापेक्षा वर दाखवलं. एकाच्या जागी मागच्या दोन पावसाळ्यांचा पाऊस घातला तेव्हा फरक बराच भरून आला, पूर्ण नाही. दुष्काळी वर्षांबद्दल या मॉडेलवर डोळे मिटून विसंबू नये, असं मी कोडच्या वरच लिहून ठेवलं आहे.

३० मार्च

गुढी उभारून झाल्यावर आबाकाकांकडे गेले, सोडून दिलेल्या विहिरींसाठी. तीन आहेत. एक रस्त्याच्या रुंदीकरणात बुजली. तिच्या जाण्याचा पाण्याशी संबंध नाही. दोन मात्र लागोपाठ तीन उन्हाळे कोरड्या पडल्या, मालकांनी शेजारी बोरिंग केलं आणि त्यानंतर आबाकाकांना तिथे मोजायचं कारण उरलं नाही.

त्या दोघींच्या आधीच्या कोरड्या नोंदी मॉडेलजवळ आहेत, म्हणजे त्या का सुटल्या याचा बराचसा भाग त्याला माहीत आहे. पण बोरिंग झाल्यावर पाणी आणखी वेगाने खाली गेलं असेल तर ते कुठल्याच नोंदीत नाही. इथे गणिताने उत्तर मिळत नाही, फक्त ‘समजा’ म्हणून पाहता येतं. समजा सोडल्यानंतर पाणी मॉडेलच्या अंदाजापेक्षा एक मीटर खाली होतं. समजा दोन, समजा तीन. आणि उलटही : समजा ते वर आलं होतं. निष्कर्ष पालटायला त्या दोन्ही विहिरींचं पाणी सोडल्यानंतर चार मीटरहून जास्त वर यायला हवं. आबाकाका म्हणाले, “शेजारी बोरिंग चालू असताना? शक्य नाही.” हा त्यांचा शब्द मी अहवालात तसाच घातला आहे.

६ एप्रिल

शिवारात सगळ्यांना दाखवलं. आलेखांपेक्षा हाताने सांगणं बरं पडलं. मे महिन्यातलं पाणी वर्षाला साधारण चार बोटं खाली जात आलं आहे; कमीत कमी बोटभर, जास्तीत जास्त वीतभर. एवढं ऐकून कुणाला आश्चर्य वाटलं नाही.

आश्चर्य दुसऱ्या निकालाचं वाटलं. वर्षाचा कल प्रत्येक महिन्याला वेगळा असू शकेल अशी मुभा मॉडेलला दिली होती. ऑक्टोबरमधलं पाणी एकवीस वर्षांत जागचं हललेलं नाही. २०००, २००२, २००९ अशी पावसाची वाईट वर्षं सोडली तर विहिरी दर पावसाळ्यात भरतात, पूर्वी इतक्याच. उतरतात मात्र लवकर, डिसेंबरपासूनच.

आमचा खडक बेसाल्टचा. वरच्या मुरमात आणि भेगांत मावेल तेवढंच पाणी, खाली घट्ट काळा पाषाण. सप्टेंबरात विहीर काठोकाठ असेल तर पुनर्भरणाच्या खड्ड्यातून आणखी पाणी घालायचं कुठे? आणि खाली घट्ट पाषाण असताना बोरिंग खोल नेऊनही नव्या पाण्याची हमी नाही. जे पाणी पावसाळ्यात खडकात मावत नाही आणि नाल्याने वाहून जातं, ते वर साठवून पहिल्या दोन पाळ्या त्यावर काढल्या तर विहिरीचं पाणी उन्हाळ्याकडे सरकेल. शेजारच्या देवास जिल्ह्यात २००६ पासून शेतकऱ्यांनी स्वतःच्या जमिनीत तळी खोदली, रेवासागर म्हणतात त्यांना. ती पाहायला चौघे जण जाऊन येणार आहेत. माळावरच्या दोन शेतांत जमीन तळ्यात घालायची तयारी नाही, तिथे बटाट्याऐवजी हरभरा घेण्यावर बोलणं चालू आहे.

‘को.’ लिहिलेल्या ओळी गाळल्या असत्या तर याच बैठकीत मी सांगितलं असतं की पाणी सुधारतं आहे, काही करू नका.

१३ एप्रिल

मोजणी पुन्हा सुरू करतोय. हयात अकरा विहिरी, महिन्याच्या पहिल्या रविवारी. शेजाऱ्यांचा कॉलेजात जाणारा मुलगा मोजेल, पहिले दोन महिने आबाकाका बरोबर जाणार आहेत. नव्या वहीचे स्तंभ त्यांच्याशी बोलून ठरवले : तारीख आणि वेळ, फूट, इंच, मोटर बंद होऊन किती वेळ झाला, कठड्याची उंची, कोरडी असेल तर त्या दिवशी मोजलेली तळाची खोली, आणि मोजलं नसेल तर का नाही. शेवटचा स्तंभ कधीच रिकामा ठेवायचा नाही. आकडा असेल तर तिथे ‘मोजलं’ लिहायचं.

एकूण खर्च : टाइपिंग सहा हजार, पट्टी, झेरॉक्स आणि पेट्रोल धरून नऊ हजारांच्या आत. सॉफ्टवेअर फुकट. वेळेचा मोठा वाटा टाइपिंग आणि ताळा पाहण्यात गेला, मॉडेलला त्या मानाने थोडाच. कोड आणि रिकाम्या वहीचा नमुना ज्यांना हवा त्यांना देईन. विहिरीऐवजी दुसरं काही मोजत असाल तर तळाच्या खोलीचा स्तंभ काढा, ‘का नाही’चा राहू द्या.